नळाला बिअर कमी, फेसच फार

ग्लासात अर्ध्याहून जास्त फेस आणि धारही बारीक, ही घरी केग लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मग पहिला हात जातो रेग्युलेटरकडे आणि दाब उतरवला जातो. दुखणं बहुधा त्यानेच वाढतं. कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळलेला राहायला दाब लागतो. तो कमी पडला की वायू नळीतच सुटतो, बुडबुडे वाट अडवतात. पारदर्शक नळीत ते चक्क दिसतात.

म्हणून आधी तापमान पाहा, तेही फ्रिजच्या आकड्यावर न विसंबता, ग्लासातल्या बिअरमध्ये थर्मामीटर बुडवून. ३ ते ४ अंश सेल्सिअसला १० ते १२ पीएसआय दाब बहुतेक बिअरना पुरतो. पहिलाच ग्लास फेसाळून पुढचे नीट येत असतील, तर दोष फ्रिजवरच्या गरम नळखांबाचा. छोटा पंखा लावून गार हवा वर पोचवली की भागतं.

सुमारे ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी निदान ८-१० फूट हवी; आखूड नळीत धार जोरात येते आणि फेसाळते. धार मंदच असेल, तर नळी कुठे मुडपली आहे का, केगच्या जोडणीत हॉप्सचा चोथा अडकला आहे का, ते बघा. जोडणी खोलण्याआधी गॅस बंद करून केगमधला दाब सोडा, नाहीतर बिअर छतावर!

नळ नेहमी पूर्ण उघडा आणि नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवा.