मत्स्यजिऱ्यांचे शत्रू : पाणकिडे

कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावी शेततळ्यात रोहू, कटला वा मृगळ यांचे मत्स्यजिरे सोडावे आणि पंधरा-वीस दिवसांनी जाळे रिकामे यावे, असे घडू शकते. अशा वेळी दोष बियाण्याचाच असतो असे नाही. पाठीवर उलटे पोहणारे व इतर पाणकिडे इवल्या जिऱ्यांना पकडून त्यांचा रस शोषतात.

हे किडे श्वासासाठी वारंवार पाण्याच्या पृष्ठभागावर येतात. तेथे तेलाचा पातळ थर असल्यास ते गुदमरून मरतात. याकरिता दर गुंठ्यास १८० ग्रॅम स्वस्त साबण पाण्यात विरघळवावा, त्यात ५६० ग्रॅम गोडे तेल घुसळावे व हे मिश्रण तळ्यावर सर्वत्र शिंपडावे. वारा असल्यास थर फाटतो. म्हणून शांत दिवस निवडावा.

चतुराच्या अळ्या पाण्यातच श्वास घेत असल्याने त्यांवर तेलाचा परिणाम होत नाही. त्या बारीक जाळ्याने काढून टाकाव्यात.

पाणकिडे उडत येऊन तळ्यात पुन्हा वस्ती करतात. यास्तव हा उपाय फार आधी न करता जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास करावा.