पुठ्ठ्याआड गेलेलं चित्र

परतूरला वाचनालयातून घरी येणारी पुस्तकं बहुतेक एकाच वेषात असायची. जाड पुठ्ठा, कण्यावर काळं कापड आणि त्यावर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर. ‘मृत्युंजय’ मी तसंच वाचलं. कर्ण, कुंती, अश्वत्थामा सगळे भेटले, पण पुस्तकाचा चेहरा दिसला नाही. पुस्तक खिळखिळं झालं की ते बाइंडरकडे जातं आणि बाइंडर आधी मूळचं वेष्टन काढून बाजूला टाकतो. पुस्तक टिकावं म्हणून त्याला तसंच सांगितलेलं असतं. पुढे कितीतरी वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या एका ढिगात मूळ वेष्टनाची प्रत सापडली. वाचून झालेलं पुस्तक मी केवळ बघण्यासाठी विकत घेतलं. कोपऱ्यात सही होती, ‘दलाल’.

दीनानाथ दलाल मडगावचे, जन्म १९१६चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. १९७१च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा पंचावन्नही पुरे झाले नव्हते. एवढ्या काळात त्यांच्या हातून हजारांच्या घरात मुखपृष्ठं झाली. १९६७ सालचं ‘मृत्युंजय’ त्यांतलं एक.

तेव्हा आमचं परतूर परभणी जिल्ह्यात होतं; आज ते ज्यात आहे तो जालना जिल्हा झाला १९८१ साली. १९४८पर्यंत इथे निजामाचं राज्य. मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन उघडलं, पण मनमाडकडून येणाऱ्या त्या अरुंद रुळांच्या गाडीतून चित्रं काही आमच्याकडे येत नव्हती. येत होती ती पुस्तकं आणि दिवाळी अंक. म्हणजे आमचं कलादालन साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद, डेमी आकाराचं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत जातिवंत चित्रकाराचं पहिलं चित्र शिरलं ते पुस्तकाच्या पाठीवर बसून. मुखपृष्ठाला ‘सजावट’ म्हटलं की मला म्हणूनच वाईट वाटतं.

दलालांचं मोठेपण कळायला त्या वेळची छपाई समजून घ्यावी लागते. प्रत्येक रंगाला जस्ताचा वेगळा ब्लॉक. तो लाकडावर ठोकायचा, यंत्रावर चढवायचा, एक रंग छापून वाळवायचा आणि मग तोच कागद दुसऱ्या रंगासाठी पुन्हा यंत्रात घालायचा. रंग वाढला की ब्लॉकचा खर्च वाढला, वेळ वाढला, आणि कागद केसभर सरकला तरी डोळा गालावर यायची भीती. म्हणून चित्रकाराने दोन-तीन रंगांतच भागवायचं. पण पिवळ्यावर निळा चढला की हिरवा आपोआप मिळतो आणि कागदाचा पांढरा तर फुकटचा रंग. अशी मुखपृष्ठं बघताना मी आता आधी ब्लॉक मोजतो. कुठे कागद मोकळा सोडलाय, कुठे एका रंगावर दुसरा मुद्दाम चढवलाय, हे दिसायला लागलं की चित्रकार कागदावर हात टेकण्याआधी छापखान्यात उभा राहून विचार करत होता हे पटतं. दलालांची रेषा या अडचणीत मोकळी वावरते. त्यांच्याच पिढीतले, गोव्याचेच रघुवीर मुळगावकर छटांच्या मऊपणासाठी घरोघर लाडके होते. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे चेहरे त्यांचे. मला ओढ दलालांच्या रेषेची.

आणि अक्षरं! छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीत मोठ्या मथळ्याला शोभेल असं वळण क्वचितच मिळायचं, म्हणून पुस्तकाचं नाव चित्रकार कुंचल्यानेच लिहायचा. शिरोरेषा किती जाड, वेलांटी कुठवर न्यायची, हे विषय बघून ठरायचं. नाव चित्राच्या अंगातून उगवल्यासारखं दिसायचं ते त्यामुळे.

आतल्या पानाचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते अधिक अवघड. आपल्या लिपीच्या डोक्यावर मात्रा, रफार, वेलांट्या आणि पायाशी उकार. दोन ओळींत पुरेशी जागा सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळतो. जागा सोडावी तर पानं वाढतात, आणि पानं सोळांच्या फर्म्यात बसवायची असतात. चार पानं जास्त झाली तरी प्रकाशकाच्या कपाळाला आठी. या ओढाताणीत पहिला बळी जातो समासाचा. कवितेचं दुखणं आणखी वेगळं. लांब ओळ अरुंद पानात मोडली की तिचा श्वासच मोडतो. अरुण कोलटकर जाहिरातींच्या जगातले कलादिग्दर्शक होते. १९७६ साली त्यांची ‘जेजुरी’ ही इंग्रजी कविता ‘क्लिअरिंग हाउस’ या कवींनीच चालवलेल्या प्रकाशनाने काढली, तेव्हा मांडणी त्यांचीच होती. पान चौरसाकडे झुकणारं, ओळींना हातपाय पसरायला जागा देणारं.

समासाचं महत्त्व मला बाइंडरने शिकवलं. जुनं पुस्तक बांधताना तो कडेने आडवी शिलाई घालतो, म्हणजे आतला समास अर्धा इंच गेला. मग तिन्ही बाजू कापून सारख्या करतो, तिथे बाहेरचा समास गेला. मुळातच पान काटकसरीने मांडलेलं असेल तर उजव्या पानावर ओळींची पहिली आणि डाव्या पानावर शेवटची अक्षरं शिलाईत शिरतात आणि वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. जाणता मांडणीकार समास सोडतो तो असा, वीस वर्षांनंतरच्या सुरीचा हिशेब करून.

माझी ती प्रतही शेवटी बांधायला द्यावी लागली. या वेळी बाइंडरला बजावलं, वेष्टन टाकायचं नाही, पुठ्ठ्यावर चिकटवायचं. त्याने ते मन लावून केलं, कडा वळवल्या, खळ पुसून घेतली. फक्त बसवताना उजवी बाजू थोडी कापली गेली. सहीतला शेवटचा ल तेवढा गेला.