सेलू ते लंडन : कोस किती, तास किती ?

विद्येसाठीं वा उदरनिर्वाहासाठीं मुलगा विलायतेस आहे, अशीं घरें आतां सेलूसारख्या गांवींही आढळतात. अशा घरच्या वडील माणसांच्या मनांत एक प्रश्न नेहमीं घोळत असतो : प्रसंग ओढवलाच, तर तो किती वेळांत येऊन पोंचेल ? त्याचा हिशेब आम्ही येथें मांडीत आहों.

पृथ्वी गोल असल्यामुळें तिच्या पृष्ठावरील दोन स्थळांमधील अत्यंत जवळची वाट म्हणजे महावृत्ताचा कंस होय. मुंबई व लंडन येथील विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित केलें असतां हा कंस सुमारें ६५ अंशांचा येतो. एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. तेव्हां अंतर जवळजवळ ७२०० किलोमीटर झालें. विमानाचा वेग ताशीं ९०० किलोमीटर धरल्यास आठ तास पुरावेत. परंतु आकाशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. ते लंडनला जाणाऱ्यास अडवितात व इकडे येणाऱ्यास साह्य करितात. म्हणून येण्यास सुमारें नऊ तास, तर जाण्यास त्याहून अधिक लागतात. कधीं वाटच बदलावी लागते. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां त्यांस वळसा घेणें भाग पडलें.

तरीही ही प्रगति थोडी नव्हे. जून १९४८ मध्यें एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. त्याआधीं आगबोटीनें जाणाऱ्यांचे आठवडे मोडत.

आतां मौज पाहा. मुंबई ते सेलू हें अंतर लोहमार्गानें अवघें पांचशे किलोमीटरांच्या आसपास. पण देवगिरी एक्स्प्रेसला त्यासाठीं अख्खी रात्र लागते. म्हणजे सात हजार किलोमीटरांस जितका वेळ, जवळजवळ तितकाच ह्या पांचशेंस ! त्यांत विमानतळावर तीन तास आधीं पोंचणें, मुंबईस सामान घेऊन बाहेर पडणें, आगगाडीची वाट पाहणें, हें सारें मिळवा. लंडनमधील उंबरठ्यापासून सेलूच्या उंबरठ्यापर्यंत एक अहोरात्र सहज उलटतें. तिकीट लगेच न मिळाल्यास दोन दिवसही जातात.

ह्या हिशेबांत वारा, आगगाडी व तिकीट आपल्या स्वाधीन नाहींत. एकच गोष्ट आहे, ती म्हणजे निरोपाची वेळ. ‘उगीच काळजी करील’ म्हणून वडिलांचें दुखणें मुलास न कळविण्याची रीत आपल्याकडे फार. परंतु अशा रीतीनें दोन दिवस दवडले, तर ते कोणतेंही विमान भरून देऊं शकत नाहीं. तसेंच, आपल्यामागें मुलासाठीं थांबावें कीं न थांबावें, हें वडिलांनींच प्रकृति चांगली असतांना सांगून ठेवावें. म्हणजे निर्णयाचा भार घरच्यांवर पडणार नाहीं, आणि उशिरां पोंचलेल्या मुलास जन्मभर बोलही लागणार नाहीं.