बिरड्याचा सण आणि जेरुसलेम

वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. रायगडात घरोघरी चालणारं हे काम. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाच्या घरांत मात्र त्याला जेरुसलेमच्या शोकाची जोड होती. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. त्या दुःखात ज्यू लोक अव महिन्याच्या नवमीला कडक उपास करतात. कोकणात या मोडाच्या वालांच्या बिरड्यावरून त्या दिवसाला नाव पडलं ‘बिरड्याचा सण’.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरा सांगते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनिवार तेली’ झाले. गावांवरून पेणकर, दिवेकर, रोहेकर झाले. जेरुसलेमला परतण्याची आस प्रार्थनेत होतीच. पण परत नेणार कोण?

1897 मध्ये थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ज्यूंच्या मायभूमीच्या मागणीसाठी पहिली झायनवादी परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही बोलावणं आलं आणि त्यांनी ते नाकारलं. परतीची वेळ देव ठरवील, ही त्यांची श्रद्धा. या श्रद्धेला मोठी परंपरा आहे. देवाच्या आज्ञेवाचून सामूहिक बळाने त्या भूमीवर जाऊ नये, असं तालमुद या ज्यू धर्मग्रंथातलं एक वचन सांगतं. सातमार पंथाचे गुरू योएल टाइटेलबाउम यांनी त्याच आधाराने इस्रायल राष्ट्राला विरोध केला. उलट रब्बी अब्राहम कूक यांना शेत नांगरणाऱ्या नास्तिक तरुणांच्या हातूनही देवच आपलं काम करवून घेतोय असं वाटे.

1948 मध्ये इस्रायल राष्ट्र झाल्यावर हजारो बेने इस्रायल तिकडे निघाले. भारतात त्यांच्यामागे ज्यूद्वेषाचा ससेमिरा नव्हता. म्हणूनच हे जाणं मला विशेष वाटतं. प्रार्थनेतल्या देशात पोचल्यावर मात्र नोकरी, घर, कातडीचा रंग सगळंच आडवं आलं. 1952 मध्ये काही कुटुंबं भारतात परतली. त्यांतली बरीच पुन्हा तिकडे गेली. त्याहून खोल घाव इस्रायलच्या धर्मपीठाने घातला. लग्नाआधी यांची आईकडची वंशावळ तपासा, असा आदेश 1960च्या दशकाच्या आरंभी निघाला. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारचा शब्बाथ पाळला, त्यांनाच ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला! समाज जेरुसलेममध्ये धरण्याला बसला. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. राष्ट्र मिळालं म्हणजे मायभूमी मिळतेच असं नाही, हे या लोकांइतकं कुणाला कळलं असेल?

तरी ते राहिले, आणि कोकणही त्यांनी सोडलं नाही. मुक्तिदात्याच्या आगमनाची वर्दी देणारा प्रेषित एलियाहू हनबी अलिबागजवळच्या खंडाळे गावी प्रकटला, अशी त्यांची श्रद्धा. तिथल्या खडकावरची खूण त्याच्या रथाची मानतात. नवस फिटला, लग्न ठरलं, की पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने होतो. इस्रायलहून येणारी कुटुंबं आजही त्या खडकापाशी मलिदा करतात.

ज्या समाजाची मुक्तीची आशा जेरुसलेमची आणि तिची वर्दी कोकणातली, त्याला ‘तुमचा देश कोणता’ असं विचारणंच चुकीचं आहे. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं. इकडे महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे. कधी गेलात, तर तिथून खंडाळ्यालाही जाऊन या.