वर्गणी आधी, अंक नंतर

शनिवार पेठेलगतच्या अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या घाऊक खरेदीसाठी आपले अनेक व्यापारी बांधव जातात. पुण्याच्या या पेठांत गेल्या शतकाआधी वर्तमानपत्राचा धंदा कसा चाले, हे आम्हाला सांगावेसे वाटते.

१२ फेब्रुवारी १८४९ रोजी पुण्यात 'ज्ञानप्रकाश' सुरू झाले. त्या काळी एक अंक दहाजण वाचत, पैसे मात्र एकच देई. तोही बाहेरगावचा असला तर वसुली अवघड. उधारीचे हे दुखणे आपल्या कारागिरांना वेगळे सांगायला नको!

टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी. सुरू केली आणि १ जानेवारी १८८० पासून मनीऑर्डरचे काम हाती घेतले. खेड्यातला ग्राहकही आता घरबसल्या वर्गणी धाडू शकत होता.

त्याच साली 'केसरी'चे उद्देशपत्रक निघाले. खाली चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी आदींच्या सह्या होत्या. हे सावकार नव्हते. पण चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून लोक वाचत होते. आमच्या मते खरे भांडवल ही पतच. माल हाती येण्याआधी गिऱ्हाईक नाव पाहूनच पैसे मोजते. पहिला अंक निघाला ४ जानेवारी १८८१ रोजी.