आईचं माहेर सांगणारी दप्तरं

एडिनबर्गच्या न्यू रजिस्टर हाउसमध्ये घुमटाखालच्या लोखंडी सज्ज्यांत नोंदवह्या रचल्या आहेत. जन्माच्या लाल, मृत्यूच्या काळ्या, लग्नाच्या हिरव्या. कॅनडा-ऑस्ट्रेलियातली माणसं आपलं स्कॉटिश मूळ शोधत इथे येतात. आता पानं संगणकावर दिसतात, त्यामुळे वही क्वचितच हाती लागते.

इंग्लंडात सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. स्कॉटलंडला त्यासाठी १ जानेवारी १८५५ उजाडावा लागला, पण उशिरा आलेल्याने जास्त विचारलं. इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत तेव्हा आईबापांसाठी रकानाच नव्हता. स्कॉटिश नोंदीत दोघांचीही नावं, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. त्यामुळे १८५५ मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या म्हातारीची नोंद थेट अठराव्या शतकातल्या तिच्या आईपर्यंत नेते. अर्थात माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल, तर सासूच्या आईचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार? तिथे जपून.

पहिल्या वर्षीचा उत्साह तर विलक्षण होता. जन्मनोंदीत आईबापांचं वय, जन्मगाव, लग्न कधी-कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं विचारलं. एवढं लिहिणं झेपेना, म्हणून १८५६ पासून बरंच गाळलं. लग्नाची तारीख आणि ठिकाण तेवढं १८६१ मध्ये परत आलं. ज्याच्या घराण्यात १८५५ साली मूल जन्मलं, तो वंशज नशीबवान.

त्याआधीची भिस्त चर्चच्या दप्तरांवर. सर्वांत जुनं पर्थशायरमधल्या एरल गावचं, १५५३ पासूनचं. पण ही दप्तरं सरकारमान्य चर्चची, इतर पंथांच्या लोकांची नावं त्यांत बरेचदा नसतात. शिवाय १७८३ ते १७९४ या काळात दर नोंदीला तीन पेन्स कर होता, तेव्हा पुष्कळांनी नोंद टाळली. अशा वेळी चर्चच्या पंचांची इतिवृत्तं चाळावीत. कुमारी मातेला पंचांपुढे उभं करून बापाचं नाव वदवून घेत. तो छळच होता. बाप्तिस्म्याच्या वहीत न सापडणारा बाप मात्र कधीकधी त्याच कागदात भेटतो.

नावांची रूढीही मदतीला येते. थोरला मुलगा बापाच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. थोरल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं नाव. हा पुरावा नव्हे, पण चार जॉन मॅकडोनल्डांतला आपला कोणता, याचा अंदाज येतो.

मुंबईत वारलेल्या स्कॉटिश माणसाचा माग काढताना आडवळण घ्यावं लागतं. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफननोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यांत नाव, वय, हुद्दा सापडतो. आईबाप सहसा नाहीत. मग गावीच राहिलेली, १८५५ नंतर वारलेली त्याची सख्खी बहीण शोधायची. तिच्या मृत्यूनोंदीत दोघांची आई असते, माहेरच्या आडनावासकट.