बांधावरची बंदूक (भाग ६) : सेफ्टी नेमकं कोणाला अडवते?

तूर फुलोऱ्यात आली, हरभरा वीतभर झाला की सेलू तालुक्यात रोही आणि रानडुक्कर सोडून दुसरा विषय निघत नाही. त्यात कोणीतरी विचारतोच, ‘बोल्टची रायफल घ्यायची म्हटलं तर सेफ्टी कुठली बघू?’

आधी कायद्याचं उरकून घेऊ. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यांनी हौसेची शिकार संपवली. पीक लोळवणाऱ्या जनावरावर बार काढायचा तरी कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी हवी. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याने पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. ती अपुरी पडते असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी. रायफलसाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून आपल्याकडे बोल्टची रायफल दिसलीच तर ती बहुधा वारशाने आलेली किंवा माजी सैनिकाच्या घरातली, आणि बऱ्याचदा ईशापूरच्या कारखान्याची .३१५ बोरची. लष्कराचं .३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हत्यारात चालू नये म्हणून इंग्रजांच्या काळात हा वेगळा बोर आला. आतली यंत्रणा मात्र लष्करातल्या ली-एनफील्डचीच.

आता मुद्द्यावर. बोल्ट म्हणजे नळी मागून बंद करणारा, फिरवून उघडायचा दांडा. चाप ओढला की सिअर नावाचा छोटा अडसर खाली सरकतो, त्याने रोखून धरलेली फायरिंग पिन स्प्रिंगच्या जोराने सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. सेफ्टी या साखळीत कुठेतरी आडवी येते, आणि कुठे येते यावर तिची किंमत ठरते. स्वस्त आणि सोपी सेफ्टी फक्त चाप अडवते. चाप हलत नाही, पण पिन सिअरवर तशीच ताणलेली असते. सिअर झिजला असेल, त्यात कचरा असेल किंवा रायफल दगडावर आपटली, तर पिन सुटू शकते. दुसरी सेफ्टी थेट पिनलाच धरते. गोठ्याचं दार लावणं वेगळं आणि बैलाची वेसण हातात असणं वेगळं. जर्मन माउझर ९८ च्या बोल्टमागचा पंखा या दुसऱ्या जातीचा, ली-एनफील्डची डाव्या अंगाची कळही तीच. कळ मागे ओढली की ती पिनच्या मागच्या टोकाच्या, म्हणजे कॉकिंग पीसच्या, खाचेत शिरते, त्याला सिअरपासून किंचित मागे खेचते आणि बोल्टचं फिरणंही बंद करते.

बोल्टचं फिरणं असं बंद होणं चांगलं की वाईट? झुडपातून, काट्यातून चालताना चांगलं, कारण फांदीत अडकून बोल्ट उघडत नाही आणि काडतूस खाली पडत नाही. घरी येऊन रायफल रिकामी करताना वाईट. बोल्ट उघडायचा तर आधी सेफ्टी काढावी लागते, म्हणजे नळीत गोळी, पिन ताणलेली आणि अडवणारं काहीच नाही.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन ७०० ची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. १९८२ पर्यंत तिची सेफ्टी बोल्टही अडकवून ठेवत असे. नंतर कंपनीने ती रचना बदलली. तशाच एका जुन्या रायफलने २००० साली मोंटानात घात केला. शिकारीहून परतल्यावर एका आईने रायफल रिकामी करायला सेफ्टी सरकवली आणि बार झाला. गोळी घोड्यांच्या ट्रेलरमधून आरपार गेली आणि पलीकडे उभा असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. चापाला बोट लागलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. कंपनीने दोष मान्य केला नाही. खटले पुढे कित्येक वर्षं चालले.

सेलूच्या परवानाधारकाला हे लांबचं वाटेल. पण जरा हिशेब करा. परवानगी मिळून रोह्यावर बार काढायची वेळ क्वचित येते. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद यांची आचारसंहिता लागली की ‘हत्यार ठाण्यात जमा करा’ अशी नोटीस मात्र घरी येऊन पडते. रायफल खोलून दाखवायचा प्रसंग गोळी झाडण्याच्या प्रसंगापेक्षा जास्त वेळा येतो, आणि तोही चार माणसांत, टेबलापाशी. म्हणून निवडीला वाव असेल त्याने तीन टप्प्यांची सेफ्टी घ्यावी, असं माझं मत आहे. माउझरच्या पंख्यात आणि विंचेस्टर ७० मध्ये मधल्या टप्प्यावर पिन अडलेली राहते, पण बोल्ट उघडतो. सेफ्टी न काढता रायफल रिकामी होते. ब्लेझर ही जर्मन कंपनी आणखी पुढे गेली. तिच्या रायफलीत नेम धरायच्या वेळी अंगठ्याने ढकलेपर्यंत पिनची स्प्रिंग ताणलीच जात नाही. कल्पना झकास, पण किंमत ऐकून आपल्या भागात कोणी ती घेईल असं वाटत नाही.

वारशाने .३१५ आलेल्याला निवड नाही, तपासणी आहे. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, नळीत बोट घालून खात्री करा. मग बोल्ट बंद करून सेफ्टी लावा आणि चाप जोरात ओढा. काही व्हायला नको. चाप सोडा आणि बोट बाहेर ठेवूनच सेफ्टी काढा. या क्षणी ‘खट्’ आवाज आला, तर सिअर किंवा सेफ्टी झिजलेली आहे. घरी कानस मारू नका, गावातल्या लेथवाल्याकडेही नेऊ नका. दुरुस्तीचा परवाना असलेल्या गन हाउसमध्येच ती जाऊ द्या. आवाज आला नाही, तरी ठाण्यात नेताना काडतुसं वेगळ्या पिशवीत आणि बोल्ट उघडाच ठेवा.

पुढच्या भागात ठासणीची बंदूक; तिला सेफ्टीची वेगळी कळ बहुधा नसतेच.